चणकाच्या पोटात

मासळी खात्यात नोकरीला होते म्हटलं की समोरच्याला दोनच प्रश्न पडतात. घरी मासळी फुकट येत असेल, नाही? आणि आज बाजारात काय घ्यावं? पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर नीट देता यायला मला बरीच वर्षं लागली, आणि ते मला पुस्तकानं नव्हे, एका पुरत्या फसलेल्या हंगामानं शिकवलं. या अंकासाठी आठवणी लिहायला सांगितलं तेव्हा बढत्या, बदल्या, निरोपाचे हारतुरे हे सगळं बाजूला ठेवून त्या हंगामाबद्दलच लिहावं असं ठरवलं. त्यात चूक माझी होती, ती आधीच कबूल करते.

मी साखळीची. वडील खाणीवर टाइमकीपर होते. बी.एस्सी. झाल्यावर मला क्षेत्र सहाय्यक म्हणून नेमलं तेव्हा त्या हुद्द्यावर आमच्या कचेरीत दुसरी बाई नव्हती. काम सांगायला साधं. मासे वाढवू पाहणाऱ्यांना जाऊन भेटायचं, पाणी तपासायचं, बीज म्हणजे माशांची पिल्लं कुठून आणायची, किती सोडायची, त्यांना खायला काय घालायचं ते समजावायचं. माणसं तऱ्हेतऱ्हेची भेटत. वाळपईच्या एका बागायतदारानं विहिरीत मासे सोडले आणि रोज सकाळी त्यांना ताजा पाव कुस्करून घातला. मासे मेले तेव्हा पाव शिळा होता का, हे विचारायला तो पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, घरी गेला. पाव जास्त झाला, उरलेला पाण्यात कुजला आणि कुजताना त्यानं माशांच्या वाटची हवा संपवली, हे त्याला पटवायला मी तीन फेऱ्या मारल्या. कचेरीत परतल्यावर मी त्याच्यावर पोटभर हसले. पुढं पेडण्यात मी जे केलं ते पाहता मला हसायचा अधिकार नव्हता.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या पावसाळ्यातली गोष्ट. त्याआधी मराठी की कोंकणी यावरून घराघरांत दोन तट पडले होते. मोर्चे निघत, बस बंद पडत. मी गावात कोंकणीत बोलायची आणि वहीत मराठीत लिहायची, त्यामुळं कुणाला मी आपली वाटायची आणि कुणाला परकी, हे त्या दिवशी समोर कोण आहे यावर ठरायचं. मग राज्य झालं, कचेरीची पाटी नव्यानं रंगवली गेली आणि पेडणे तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावाचं काम माझ्याकडं आलं. गावाचं नाव लिहीत नाही. मंडळी अजून तिथंच राहतात.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडं खाडीकाठची कित्येक शेतं भरतीच्या पातळीच्या खाली असतात. त्यांना खाजन म्हणतात. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात एका जागी लाकडी दारं. ती दारं म्हणजे मानस. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानं दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्यात शेतात भात करतात. भात कापून झालं की दारांना टेकू लावून खारं पाणी आत घेतात. मानसाच्या आतल्या अंगाला बारा महिने पाण्याचं एक तळं असतं, त्याला पोंय म्हणतात. भरतीबरोबर मासळी पोंयीत शिरते, तिथं वाढते, आणि ओहोटीला दारापाशी जाळं लावलं की हाती लागते. ही मासळी धरायचा हक्क कुळांची संघटना दरवर्षी पावणी करून, म्हणजे लिलाव करून, कुणाला तरी देते.

त्या वर्षी तो हक्क पाच बायकांनी घेतला होता. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पाचजणींची पुढारी आनंदीकाकी. पन्नाशीची, नवरा लवकर गेलेला, पदरात दोन मुली. ती पेडण्याच्या बाजारात टोपली घेऊन बसायची आणि दुसऱ्यांनी धरलेली मासळी विकायची. विकण्यात आयुष्य गेलं, आता धरायचीही आपणच, असं तिच्या मनानं घेतलं. संघटनेतल्या पुरुषांनी हसत हसत होकार दिला, पण एक गोष्ट बजावली. हे एक वर्ष. जमलं नाही तर पोंयीचं नाव बायकांनी पुन्हा काढायचं नाही.

मी गेले ती मदत करायच्या हुरुपानं. पोंयीत तेव्हा शेवटे होते, काळुंदरं होती, सुंगटं होती. शेवटा म्हणजे मराठीत बोय, काळुंदर म्हणजे चपटा काळसर खाडीतला मासा आणि सुंगटं म्हणजे कोळंबी. रोजच्या जेवणातली मासळी. मी म्हटलं, यात अडकून का पडता, चणक वाढवा. रायगडाकडं ज्याला जिताडा म्हणतात तो चणक. हातभर लांब, पांढरंशुभ्र मांस, काटा कमी. किनाऱ्यावरच्या हॉटेलांना तो हवाच असायचा. खात्यातही तेव्हा त्याचंच बोललं जाई. श्रावणात खाडीकाठच्या डबक्यांत त्याची बोटाएवढी पिल्लं सापडतात, ती गोळा करून सोडायची, एवढंच.

मानसाची दारं सांभाळणारा भिकूमामा बांधावर बसून ऐकत होता. पासष्टीचा माणूस, बोलायचा कमी. भरती-ओहोटीच्या वेळा त्याला पंचांगाशिवाय ठाऊक. माझं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "बाय, हो खातलो कितें?"

हा खाणार काय? मी म्हटलं, मामा, पोंयीत बारीक मासळी भरपूर आहे की.

"ती तर आमी खातांव," तो म्हणाला आणि दारांच्या कामाला लागला.

मला ते म्हाताऱ्याचं सहज बोलणं वाटलं. त्यात सगळं शास्त्र होतं, हे मला फाल्गुनात कळलं.

श्रावणभर आम्ही पिल्लं गोळा केली. पाचही जणी गुडघाभर चिखलात, मीही त्यांच्याबरोबर. जवळजवळ तीनशे पिल्लं पोंयीत सोडली. त्या दिवशी काकीनं घरून नारळ आणून पाण्याला वाहिला. राज्य झालं तर मासळी जास्त येईल का, असं तिनं मला गंभीरपणानं विचारलं होतं. मी म्हटलं होतं, राज्यामुळं नाही, पण या पिल्लांमुळं येईल.

दिवाळीपर्यंत चणक वीतभर झाले. बायका खूश, मी त्यांच्याहून खूश. मार्गशीर्षात काकी म्हणाली की काळुंदरं दिसेनाशी झालीत. पौषात दारापाशी चाचणीचं जाळं लावलं, त्यात शेवटा एकही आला नाही. मी वहीत 'चणकाची वाढ समाधानकारक' असं लिहिलं. माघात पाण्यावर अर्धवट खाल्लेला एक चणक तरंगत आला. त्या दिवशी मला पहिल्यांदा शंका आली, पण मी कुणाला काही बोलले नाही. आज वाटतं, तेव्हाच बोलायला हवं होतं. निदान उरलेले मासे वेळेत काढता आले असते.

फाल्गुनात, शिगम्याच्या आधीच्या मोठ्या ओहोटीला पोंय उपसायची ठरली. सकाळची वेळ. सगळा गाव बांधावर. भिकूमामानं दारं मोकळी केली, पाणी जाळ्यातून धडधडत निघालं आणि तासाभरात पोंयीचा तळ दिसू लागला. जाळ्यात चणक आले. आम्ही मोजले ते सतरा. मोठे होते, देखणे होते. पण सतरा. तीनशेतले बाकीचे कुठं गेले ते लगेच कळलं, कारण काकीनं तिथंच विळी मागवली आणि सर्वांत मोठा मासा चिरला. त्याच्या पोटात दुसरा चणक होता, अर्धा विरघळलेला. पोंयीत दुसरं काही शिल्लक नव्हतं. शेवटे, काळुंदरं, सुंगटं, काही नाही. आधी त्यांनी सगळ्यांना खाल्लं होतं आणि मग एकमेकांना.

पुरुषांपैकी कुणी मोठ्यानं हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. ते एकेक करून घरी गेले. पाच बायका, मी आणि भिकूमामा उरलो. काकी चिखलात उभी होती, हाताला रक्त लागलेलं. तिचा आवाज शांत होता.

"बाय, तुजो दोस ना. पूण म्हाका एक सांग. पोंय भरून मासळी आशिल्ली. ती ह्या सतरांच्या पोटांत गेली. मागीर हे सतरा तितले जड कित्याक नात? गेलें खंय तें सगळें?"

खाल्लेलं सगळं गेलं कुठं, या प्रश्नाला परीक्षेत मला पूर्ण गुण मिळाले होते. सूर्याचं ऊन पाणवनस्पती आणि शेवाळ धरून ठेवतात, ते खाऊन बारीक जीव जगतात, त्यांना मोठा जीव खातो, आणि दर पायरीला वर चढताना साधारण दहावा हिस्सा पुढं जातो, उरलेला वाटेत खर्च होतो. चौकोन काढायचे, बाण काढायचे, खाली 'अन्नसाखळी' लिहायचं. हे मी कित्येकदा लिहिलं होतं. काकीसमोर मी नुसती रडले, आणि तिनं मला स्वतःच्या पदरानं तोंड पुसायला दिलं.

कचेरीत साहेबांनी अहवाल मागितला. ते वाईट माणूस नव्हते. 'नैसर्गिक मर' लिहून मोकळी हो म्हणाले, सगळे तेच लिहितात. मी लिहिलं की पोंयीत पुरेसं खाद्य नसताना शिकारी मासा सोडण्याचा सल्ला माझा होता आणि तो चुकीचा होता. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि असं कुणी लिहितं का म्हणून विचारलं. मग मला पणजीत आतल्या टेबलावर बसवायची तयारी दाखवली. मी पेडणे सोडणार नाही असं सांगितलं. तेवढा हट्ट मी त्याआधी कधी केला नव्हता.

आठ दिवसांनी मी पुन्हा गावात गेले. काकीच्या ओसरीवर तिची धाकटी सुनंदा जेवत होती. दहा-अकरा वर्षांची, काडीसारखी, शाळेत धावण्यात पहिली येणारी. ताटातला भाताचा ढीग बघून मी सहज म्हटलं, काकी, हिच्या अंगाला काही लागत नाही. काकी म्हणाली, कसं लागेल, दिवसभर भिरभिरत असते. म्हणताना ती मध्येच थांबली. माझ्याकडं बघत राहिली. मीही तिच्याकडं. मला जे चौकोन आणि बाण काढून सांगता आलं नव्हतं, ते ताटात वाढलेलं होतं.

मग आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. मी तिला सांगितलं की मुळात सगळं उन्हातून येतं. पोंयीच्या तळाला जो हिरवट बुळबुळीत थर असतो, बांधावरच्या कांदळांची म्हणजे खारफुटीची पानं पडून कुजतात, तिथं ते ऊन साठतं. शेवटा तो चिखलच चाटतो, म्हणून तो उन्हापासून फार लांब नाही. चणक पार वर बसलेला. तो शेवट्याला खातो, पण शेवट्यानं जन्मभर खाल्लेलं त्याला मिळत नाही, शेवट्याच्या अंगावर उरलेलं तेवढंच मिळतं. जितकं वर जावं तितकं उरतं कमी. म्हणून पोंय भरून शेवटे होऊ शकतात, पोंय भरून चणक कधीच नाही. काकीनं सगळं ऐकलं आणि विचारलं, म्हणजे यंदा खालचं वाढवायचं, वरचं आत येऊ द्यायचं नाही, एवढंच ना? एवढंच, मी म्हटलं.

पण पोंय हातात कुठं होती? देवळाच्या मंडपात संघटनेची बैठक बसली. हॉटेलांना मासळी पुरवणारा बाहेरचा एक ठेकेदार पोंय मागत होता आणि बहुतेकांचं मत त्याच्या बाजूनं होतं. मी उभी राहून माझी चूक सांगितली, पुन्हा एक वर्ष मागितलं. एकानं विचारलं, मॅडमच्या शब्दावर गेल्या वर्षी काय झालं ते पाहिलं, आता नवीन काय सांगणार? मी खाली बसले. तेव्हा काकी उठली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलली नव्हती. तिनं सुनंदाला दारात उभं केलं.

"आमचें सुनंदा दिसाक तीन फावटी जेवता. वर्सभर तेणें खालेलें सगळें तेच्या आंगार रावलें आसतें जाल्यार तें ह्या दारांतल्यान भितर सरचें नाशिल्लें. रावलें ना. धांवपाक गेलें, हांसपाक गेलें, जोर आयलो तेन्ना जोरांत गेलें. माश्याचेंय तशेंच. फाटल्या वर्सा आमी हें विसरलीं. औंदू विसरचीं नांव."

जोर म्हणजे आमच्याकडं ताप. खाल्लेलं सगळं अंगावर राहिलं असतं तर पोर या दारातून आत मावली नसती, असं ती म्हणत होती. मंडपात हशा पिकला, सुनंदा लाजून पळाली. हसण्यानं माणसं सैल झाली. भिकूमामानं एकच वाक्य टाकलं, की ठेकेदाराच्या हाताखाली तो दारं सांभाळणार नाही. दुसरा मानसकार गावात नव्हता. पोंय आणखी एक वर्ष बायकांकडं राहिली.

ते वर्ष मी जितकं राबले तितकं पुढं कधी राबले नाही. भात कापल्यावर उरलेले खुंट तसेच ठेवून त्यावर पाणी घेतलं, म्हणजे ते कुजून चिखलाला खाद्य झालं. गोठ्यांतलं शेण आणलं. बांधावरची कांदळं सरपणाला तोडायचा काहींचा विचार होता, कारण पानं दारात अडकतात. काकीनं त्यांना पान कुजतं म्हणजे काय होतं ते समजावलं, मी नुसती शेजारी उभी राहिले. मानसाला आम्ही पावसाळ्यापुरती बांबूच्या कामट्यांची बारीक चटई बसवली, चणकाचं पिल्लू आत येऊ नये म्हणून.

चटईनं श्रावणात दगा दिला. सलग पाऊस, त्यात अमावास्येची मोठी भरती. कुजक्या पानांनी चटई गच्च भरली, शेताचं पाणी बाहेर पडेना आणि भात बुडू लागलं. भिकूमामानं मला विचारलं नाही, विचारायला वेळही नव्हता. त्यानं कोयतीनं दोर तोडून चटई सोडून दिली. बांध वाचला, भात वाचलं, पण दारांची एक फळी मोडली होती. ती बसवेपर्यंत चार भरत्या आत आल्या, आणि त्यांच्याबरोबर चणकाची पिल्लं.

काकीनं दुसऱ्या दिवशी ओहोटीला चौघींना बोलावलं आणि लुगडी खोचून त्या पाण्यात उतरल्या. चणकाचं पिल्लू दगडांच्या कपारीशी लपतं. हातानं चाचपायचं, पुढ्यात टोपली धरायची. दिवसाला आठ, कधी पाच, कधी एकही नाही. सहा आठवडे हे चाललं. रविवारी सुट्टी असायची तेव्हा मीही साखळीहून पहिल्या बसनं निघायची. बोटं चिरली, पायांना चिखल्या झाल्या. कुणी थांबूया म्हटलं नाही. धरलेली पिल्लं आम्ही मारली नाहीत, खाडीत सोडली. तिथं त्यांच्या पोटाला पुरेल एवढं होतं.

फाल्गुनात पोंय उपसली तेव्हा शेवट्यांच्या टोपल्या बांधावर मावेनात. काळुंदरं होती, सुंगटं होती. फार मोठा चमत्कार झाला असं नाही. म्हाताऱ्यांना आठवणारी चांगली वर्षं जशी असत तसं ते एक वर्ष झालं. हाताला न लागलेले चार चणकही निघाले. काकीनं त्यातला एक भिकूमामाला दिला. मी चकित झाले, कारण मला वाटलं होतं त्याचा चणकावर राग आहे. तो म्हणाला, "म्हाका चणक खूब आवडता, बाय. पूण वर्साक एक."

बाजारात काय घ्यावं असं विचारणाऱ्याला मी तेव्हापासून हेच उत्तर देते.

दोन वर्षांनी माझी बदली डिचोली तालुक्यात झाली. घराजवळ आले म्हणून आई खूश. तिथल्या नदीकाठच्या एका गावातून अर्ज आला होता की पोंयीत मासळीच येत नाही, खात्यानं बीज द्यावं. पूर्वीची मी असते तर बीज घेऊन गेले असते. मी आनंदीकाकीला निरोप धाडला. ती म्हापशाला आणि डिचोलीला बस बदलून आली, येताना माझ्यासाठी सुकी सुंगटं घेऊन. गावचे लोक विचारू लागले, या कोण, मोठ्या अधिकारी का? मी हो म्हटलं.

काकी पोंयीत उतरली. तळाचा चिखल ओंजळीत घेतला, वास घेतला, बोटांनी चोळला. चिखल लालभडक होता. वरच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवरून पावसात धुऊन आलेला गाळ वर्षानुवर्षं तळाला बसला होता.

"ह्या चिखलाक वासूच ना," ती म्हणाली. "हांगा कोणूच रावना. मासो येवन खातलो कितें?"

तिच्यापेक्षा नेमकं मला लिहिता आलं नसतं. चिखलाला वासच नाही म्हणजे तिथं काही जगत नाही, काही कुजत नाही. लाल पाण्यातून ऊन तळाला पोचत नव्हतं, हिरवा थर धरत नव्हता. साखळीची पहिली कडीच नव्हती, मग वर कुणाला सोडून काय होणार? मी अहवालात तेच लिहिलं, गाळ कुठून येतो तेही लिहिलं. लिहिण्याआधी एकदा वडिलांशी बोलले. ते निवृत्त झाले होते. सकाळच्या चहाला मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्याच मातीनं तुला बी.एस्सी. केलं. मी म्हटलं, हो, ते मी विसरत नाही. त्यांनी कप खाली ठेवला.

"लिही तू," ते म्हणाले. "पण तुझे वडील कुठं कामाला होते असं कुणी विचारलं, तर लपवू नकोस."

विचारलं एकानं, भर बैठकीत. मी सांगितलं. अहवालाचं पुढं काय झालं याचं उत्तर लांबलचक कागदपत्रांत आहे आणि त्यात फारसं काही नाही. गावकऱ्यांनी मात्र वाट पाहिली नाही. पावसाळ्यात लाल पाणी वाहतं तोवर भरतीचं पाणी आत घ्यायचं नाही, आणि नदी निवळल्यावरच दारांना टेकू लावायचे, असं त्यांनी ठरवलं. माघात पोंयीचा एक कोपरा मातीचा आडवा बांध घालून कोरडा केला आणि वरचा लाल थर घमेल्यांनी उचलला. पहिल्याच दिवशी लाल आणि खालचा जुना काळा चिखल एकमेकांत कालवला गेला. मी हताश झाले. तेव्हा वडील आले. चपला काढून उतरले आणि कुदळ आडवी धरून वरचा थर कसा सोलून घ्यायचा, खालच्याला धक्का न लावता, ते त्यांनी सगळ्यांना दाखवलं. खाणीवर वरची माती काढायची हीच रीत, म्हणाले. तीन दिवस ते येत राहिले. आईनं दोनदा जेवणाचा डबा पाठवला, तिसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आली.

दुसऱ्या हिवाळ्यात त्या कोपऱ्यात तळाला हिरवा थर धरला. तिसऱ्यात शेवटे आले, वीतभराचे, मोजके. उरलेल्या तीन कोपऱ्यांत काही नव्हतं.

सगळं नीट झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पेडण्याची पोंय सात वर्षं बायकांकडं राहिली. मग काकीचे गुडघे गेले, भिकूमामा गेला, आणि पोंय शेवटी बाहेरच्या ठेकेदाराकडं गेली. त्यानं अर्धी कांदळं तोडली. मी पत्रं लिहिली, फेऱ्या मारल्या, थांबवू शकले नाही. ती सल आहे. तोडलेल्यांतली काही पुन्हा फुटली आहेत, काही नाही.

डिचोलीत मात्र काम चालू राहिलं. एक कोपरा काढला की त्यात पुन्हा थोडा लाल गाळ बसतो, म्हणून तो राखत राखत पुढचा घ्यायचा, त्यामुळं फार वर्षं लागतात. मध्ये मध्ये माणसं कंटाळून सोडतात, मग कुणीतरी पुन्हा सुरू करतं. मी निवृत्त झाले तेव्हा तीन कोपरे झाले होते. चौथा यंदाच्या माघात काढायचा ठरला आहे आणि मला तसं कळवलं आहे, म्हणजे जावं लागणार. पाठ दुखते, गमबूट जुने झालेत. पण ओहोटी सकाळची आहे, आणि साखळीहून पहिली बस सहाला सुटते.